देवावर बंदी घातलेला देश

ईश्वर नाही असे म्हणणारे लोक प्रत्येक युगात झाले. आपल्याकडे चार्वाकांपासून ही परंपरा आहे. महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकरांसारख्या निःस्पृह विचारवंताने श्रद्धेपेक्षा बुद्धीला प्रमाण मानले, तेव्हा त्यांच्याशी कडाडून वाद घालणाऱ्यांनीही त्यांच्या चारित्र्याविषयी आदर बाळगला. असा मनुष्य प्रश्न विचारतो आणि उत्तर देण्याची जबाबदारी आपल्यावर टाकतो. त्याचे आपण एका परीने ऋणीच असतो. परंतु विसाव्या शतकात युरोपातील एका छोट्या देशाने प्रश्नोत्तराची ही कटकटच मिटवली आणि उत्तर थेट कायद्यात लिहून टाकले. तो देश अल्बेनिया. आम्हा भारतीय कॅथलिकांच्या कानांवर त्याचे नाव येते ते मदर तेरेसांच्या निमित्ताने. त्यांच्या आप्तस्वकीयांच्या वाट्याला तेथे काय आले, हे मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास या देशात दर दहा माणसांमागे सात मुसलमान, दोन ऑर्थोडॉक्स आणि एक कॅथलिक अशी वस्ती होती. कॅथलिक मुख्यतः उत्तरेच्या डोंगराळ मुलखात राहत. श्कोडर हे त्यांचे प्रमुख शहर. संख्या थोडी असली तरी भाषेच्या इतिहासात त्यांचे स्थान मोठे आहे. आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने अल्बेनियन पुस्तक ग्योन बुझुकू या कॅथलिक धर्मगुरूंनी १५५५ साली सिद्ध केलेला उपासनाग्रंथ होय. त्याची एकच प्रत आज शिल्लक आहे व ती व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. तात्पर्य, ख्रिस्तसभा तेथे परकी नव्हती. तरीही एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. मुसोलिनीच्या इटलीने ७ एप्रिल १९३९ रोजी अल्बेनियावर आक्रमण केले, आणि तो दिवस गुड फ्रायडेचा होता. आक्रमक कॅथलिक देशाचे, धर्मगुरूंपैकी काही इटालियन. एवढे संशयाचे बीज पुढच्या राज्यकर्त्यांना पुरेसे होते.

नोव्हेंबर १९४४ मध्ये एनवर होजा यांच्या नेतृत्वाखाली साम्यवादी सत्तेवर आले. ('होजा' हा शब्द मुस्लिम धर्मशिक्षकासाठी वापरला जातो, हा दैवाचा विनोदच म्हणायचा.) सुरुवातीलाच कॅथलिक धर्मगुरूंना 'व्हॅटिकनचे हेर' ठरवण्यात आले. ४ मार्च १९४६ रोजी श्कोडर येथे सहा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत जेज्वीट संघाचे फादर ज्योव्हान्नी फाउस्ती होते, ज्यांनी मुस्लिम-ख्रिस्ती सुसंवादासाठी आयुष्य वेचले होते. एक सेमिनारियन होता. आणि मुसलमान कुटुंबातून ख्रिस्ती श्रद्धेकडे आलेले केरिम सादिकू हे प्रापंचिकही होते. दुर्रेसचे आर्चबिशप विन्चेन्स प्रेनुशी, जे स्वतः कवी होते, १९४९ साली तुरुंगात निधन पावले. मारिया तुची ही व्रतजीवनाची आस लागलेली तरुण शिक्षिका छळामुळे १९५० साली मरण पावली.

तरीही तोवर धर्म कायद्याने संपलेला नव्हता. ते पाऊल १९६७ साली पडले. चीनमधील सांस्कृतिक क्रांतीचे वारे तेव्हा जोरात होते आणि रशियाशी फारकत घेतलेल्या होजांना चीनचा आधार होता. ६ फेब्रुवारी १९६७ रोजी त्यांनी एक भाषण केले. त्यानंतर शाळा-कॉलेजांतील मुलामुलींना मोहिमेवर धाडण्यात आले. वर्ष संपण्यापूर्वी दोन हजारांहून अधिक चर्च, मशिदी, मठ व दर्गे बंद झाले होते. काही जमीनदोस्त केले, काहींची गोदामे केली. श्कोडरचे संत स्टीफनचे कॅथेड्रल क्रीडागृह बनले. जेथे वेदी होती तेथे चेंडू उडू लागले. त्याच शहरात निरीश्वरवादाचे एक संग्रहालयही उभे राहिले. पुढे १९७६ च्या राज्यघटनेत शासन कोणताही धर्म मानत नाही व निरीश्वरवादाच्या प्रचारास पाठिंबा देते, असे कलमच घालण्यात आले. त्याआधी, १९७५ साली, 'अयोग्य' नावे बदलण्याचा आदेश निघाला होता. बाळाला संताचे किंवा पैगंबराचे नाव ठेवणे यापुढे राजद्रोहाच्या जवळ जाणारे कृत्य होते.

परंतु या इतिहासाचा गाभा कायद्यांपेक्षा घरांत आहे. उपवासकाळात किंवा रमजानमध्ये शाळेत, कारखान्यात मुद्दाम निषिद्ध पदार्थ वाढले जात. जो खाणार नाही तो सापडला! मुले घरातले बाहेर बोलतील या भीतीने कित्येक आईबापांनी त्यांना प्रार्थनाच शिकवल्या नाहीत. श्रद्धेला तुरुंगापेक्षा या मौनाने अधिक इजा केली, असे आम्हांस वाटते. तुरुंगातला धर्मगुरू साक्ष देत असतो. गप्प बसलेल्या आईची साक्ष तिच्या लेकरापर्यंतही पोहोचत नाही.

फादर श्त्येफेन कुर्ती यांनी हे मौन पाळले नाही. अनेक वर्षांचा कारावास भोगून सुटल्यावर त्यांना पुन्हा श्रमछावणीत धाडण्यात आले. तेथे एका मातेच्या विनंतीवरून त्यांनी तिच्या बाळाला स्नानसंस्कार दिला. या अपराधाबद्दल १९७१ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. सिस्टर मारिया कालेता यांचीही अशीच एक आठवण आहे. रस्त्यात एका स्त्रीने आपल्या तान्ह्या मुलीला स्नानसंस्कार देण्यासाठी त्यांना गळ घातली. तिचा नवरा साम्यवादी, त्यामुळे सिस्टर घाबरल्या. जवळ भांडेही नव्हते. शेवटी त्यांनी पायातला प्लास्टिकचा बूट काढला, पाटातले पाणी त्यात घेतले आणि मुलीच्या मस्तकी ओतले.

१९६३ च्या नाताळात अटक झालेले फादर एर्नेस्त सिमोनी यांना आधी मृत्युदंड व नंतर सक्तमजुरी झाली. अठरा वर्षे त्यांनी मजुरी केली, आणि सुटल्यावरही १९९० पर्यंत गटारे साफ केली. या काळात ते पाठ असलेला लॅटिन मिस्सा म्हणत. द्राक्षे पिळून काढलेला रस त्यांचा द्राक्षारस असे. २१ सप्टेंबर २०१४ रोजी तिराना येथे त्यांची कहाणी ऐकताना पोप फ्रान्सिस यांचे डोळे भरून आले. २०१६ साली हे साधे धर्मगुरू कार्डिनल झाले, आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला फादर कुर्तींसह अडतीस रक्तसाक्षींना श्कोडर येथे 'धन्य' घोषित करण्यात आले.

आता मदर तेरेसांविषयी. १९२८ साली स्कोप्ये सोडल्यावर त्यांना आई पुन्हा कधी भेटली नाही. आई द्राना आणि बहीण आगे पुढे तिरानाला राहायला गेल्या आणि त्या देशाची दारे बंद झाली. मायलेकींना बाहेर पडू द्यावे म्हणून मदरनी खूप प्रयत्न केले. परवानगी मिळाली नाही. आई १९७२ साली गेली, बहीण १९७३ साली. कोलकात्यात परक्यांच्या मरणशय्येपाशी बसणाऱ्या या लेकीला स्वतःच्या आईच्या उशाशी बसता आले नाही. १९८९ साली प्रवेश मिळाला, तेव्हा भेटायला थडगी तेवढी उरली होती.

हे सर्व वाचून निरीश्वरवाद्यांविषयी मनात राग साठवणे सोपे आहे. परंतु अल्बेनियात देवावर बंदी येण्यापूर्वी जेमतेम दोन वर्षे, डिसेंबर १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'गौदियुम एत स्पेस' हा दस्तऐवज प्रसृत केला होता. त्यात नास्तिकतेचा विचार करताना परिषदेने बोट स्वतःकडेही वळवले. श्रद्धावंतांचे उणे आचरण देवाचा चेहरा झाकते व नास्तिकतेला जन्म देण्यात त्यांचाही वाटा असतो, अशी ती स्पष्ट कबुली होती. ज्या सभेची माणसे छावण्यांत मरत होती तिने असे लिहावे, याचे मोल आम्हांला फार वाटते. बंदीतून निष्पन्न काय झाले? २०२३ च्या जनगणनेत स्वतःला निरीश्वरवादी म्हणवणारे अल्बेनियन चार टक्क्यांच्या आत भरले. मात्र देव मानतो पण कोणत्याही धर्माचा नाही, असे सांगणारे सातांत एक या प्रमाणात होते. त्या मौनाचा हिशेब बहुधा येथे लागतो.

होजा १९८५ साली वारले. ४ नोव्हेंबर १९९० रोजी, सव्वीस वर्षे तुरुंगात काढलेल्या फादर सिमोन युबानी यांनी श्कोडरच्या दफनभूमीत उघड मिस्सा अर्पण केला. शासनाची परवानगी नव्हती, पण कोणी अडवलेही नाही. पुढच्या रविवारी हजारोंची गर्दी लोटली, आणि त्याच आठवड्यात, १६ नोव्हेंबरला, शहरातील जुनी मशीदही नमाजासाठी उघडली. २५ एप्रिल १९९३ रोजी पोप जॉन पॉल दुसरे श्कोडरला आले. क्रीडागृहाचे पुन्हा कॅथेड्रल झाले होते. तेथे मदर तेरेसांच्या उपस्थितीत त्यांनी चार नव्या महागुरुस्वामींना दीक्षा दिली. त्यांच्यातील एक, फ्रानो इलिया, यांना १९६८ साली मृत्युदंड सुनावण्यात आला होता.