परभणीची मीटरगेज : चाकाचा घेर आणि फेरे

विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यात मनमाड–सिकंदराबाद मीटरगेज सुरू झाली आणि परभणी, पूर्णा रेल्वेने जोडली गेली. वाफेच्या रेल्वे इंजिनाला सहसा गिअर नसतो. दट्ट्याचा दांडा थेट चाक फिरवतो. म्हणून ठरावीक वेगाला इंजिनाचे फेरे चाकाच्या घेरावरच ठरतात. 1949 नंतर भारतीय मीटरगेजवर प्रवासी गाड्यांसाठी ‘वायपी’ आणि मालगाड्यांसाठी ‘वायजी’ इंजिने आली. त्यांची चाके अनुक्रमे 1372 आणि 1219 मिलिमीटर व्यासाची. ताशी 60 किलोमीटर वेगाला पहिले मिनिटाला सुमारे 232, तर दुसरे 261 फेरे घेई. लहान चाकाला ओढ जास्त, मोठ्याला वेग. पुढे डिझेल इंजिनांत जनित्र आणि विद्युत मोटारी आल्या, तेव्हा इंजिनाचे फेरे चाकांपासून सुटले. मनमाड–परभणी–मुदखेड मार्ग 1990च्या दशकात ब्रॉडगेज झाला.