वाघोली ते कर्नाल : पशुविज्ञानाची वाटचाल

पुणे-नगर रस्त्यावरील वाघोली म्हटले की इतिहासप्रेमींना सरदार पिलाजीराव जाधव आठवतात. पशुविज्ञानाच्या इतिहासातही या गावाला स्थान आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल.

महात्मा गांधी १९४६ साली उरुळी कांचनला आले. तेथेच राहिलेल्या मणिभाई देसाई यांनी १९६७ साली ‘बायफ’ ही संस्था स्थापन केली. गोठविलेल्या वीर्याने कृत्रिम रेतन करण्याची सोय तिने शेतकऱ्याच्या दारी नेली. वळू न पाळणाऱ्याच्या गोठ्यातही संकरित कालवड जन्मू लागली. परंतु लाळ-खुरकताची साथ आली की दूध आटे, वासरे दगावत. म्हणून संस्थेने वाघोलीस पशुरोगांवरील संशोधन आणि या रोगावरील लसीचे काम हाती घेतले.

या रोगाचा विषाणू जिवंत पेशीतच वाढतो. त्यामुळे लसीसाठी आधी पेशी शरीराबाहेर, पात्रात वाढवाव्या लागतात. मूलपेशींचे शास्त्र याच विद्येवर उभे आहे. मूलपेशी म्हणजे जिचे काम अजून ठरलेले नाही अशी पेशी. तिच्यापासून पुढे हाड, रक्त, कातडी बनू शकते. १९८१ साली केंब्रिजमध्ये उंदराच्या भ्रूणातून अशा पेशी वेगळ्या काढून वाढविण्यात आल्या.

आपल्या देशात कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने २००९ साली म्हशीची पहिली प्रतिरूप पारडी जन्माला घातली; ती काही दिवसच जगली. शास्त्रज्ञांनी धीर सोडला नाही. २२ ऑगस्ट २०१० रोजी भ्रूणीय मूलपेशीपासून ‘गरिमा-२’ जन्मली आणि २५ जानेवारी २०१३ रोजी तिने ‘महिमा’ या पारडीला जन्म दिला. उत्तम दुभत्या जनावराचा वंश जपण्याची ही एक वाट आहे. घोड्याच्या दुखावलेल्या स्नायुबंधावर मूलपेशींचे उपचारही होतात. तथापि हे काम खर्चाचे आहे आणि त्यात अपयश फार; गोरगरिबाच्या गोठ्याला आजही कृत्रिम रेतन आणि लस यांचाच आधार आहे.

पालकांना एक विनंती. आपल्या अनेक घरांत शेळ्या-म्हशी पिढ्यान्‌पिढ्या पाळल्या जातात; जनावराचे दुखणे घरातली बाई नजरेने ओळखते. या अनुभवाला तालमीची जोड मिळाली पाहिजे. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्या मुलाला, आणि मुलीलाही, ही वाट जरूर दाखवा. मुक्या जनावराची सेवा हेही मोठे पुण्यकर्म आहे.