कानालेत्तोचा नदीकाठ: पाहिलेला की कल्पिलेला?

व्हेनिसचा दृश्यचित्रकार कानालेत्तो याने मेण लेपलेल्या तांब्याच्या पत्र्यांवर सुईने रेघा ओढून, त्या आम्लाने खोदून सुमारे तीस छापचित्रे केली. त्यांत ब्रेंता नदीकाठचे दोलो गाव व तेथील जलद्वारे आहेत.

दोलो खरे, प्रत्येक काठ मात्र खरा नव्हे. संचाचे शीर्षकच सांगते: काही दृश्ये जागेवरून घेतलेली, काही कल्पिलेली. एवढा प्रामाणिक साक्षीदार विरळाच! तरीही चित्रातला बुरूज पाहून तेथे बुरूज होता असे लिहिणे धोक्याचे.

काळाचा पुरावा अधिक पक्का आहे. एका चित्रावर १७४१ साल कोरलेले आहे. अर्पणपत्रिकेत जोसेफ स्मिथला ‘कॉन्सल’ म्हटले आहे आणि हे पद त्याला १७४४ मध्ये मिळाले. शीर्षकपत्र त्यापूर्वीचे असू शकत नाही.

त्या वर्षाची कळमना-नागपूरकडील खूण: रघूजी भोसल्यांचा सेनानी भास्करराम बंगालात मारला गेला, ते हेच १७४४.