मासळीखाऊ कावळ्याची पिपाणी

पिंडाला कावळा शिवावा म्हणून आपल्याकडे यजमान ‘का का’ अशी हांक मारतो, तेव्हां उतरलेला पक्षी गांवकावळा कीं डोमकावळा याची चिकित्सा कोणी करीत नाहीं. करावयाचीच झाली तर डोळा पुरेसा आहे. राखाडी मानेवरून गांवकावळा दुरूनहि ओळखूं येतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, पूर्व किनाऱ्यावर, मात्र डोळ्याचा फारसा उपयोग होत नाहीं. तेथें दोन जातींचे कावळे शेजारीं शेजारीं राहतात आणि दोन्ही अंगभर काळे असतात. एक तिकडील सामान्य कावळा. दुसरा नदीच्या मुखाशीं व समुद्रकांठीं वावरणारा मासळीखाऊ कावळा. हा दुसरा किंचित् लहान असतो खरा; पण एकटाच बसला असतां तें लहानपण मोजावयाचें कशाशीं?

अलेक्झांडर विल्सन यानें हा भेद कानानें ओळखला. स्कॉटलंडांतील पेझ्ली गांवचा हा विणकर १७९४ सालीं अमेरिकेंत गेला आणि तेथें शाळामास्तर झाला. जॉर्जियाच्या किनाऱ्यावर कांहीं कावळ्यांचा आवाज त्याला निराळा वाटला. घोगरा, घशांत कांहीं अडकल्यासारखा. १८१२ सालीं आपल्या पक्षिग्रंथांत त्यानें या कावळ्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आणि पुढच्याच वर्षीं तो वारला. मुलांचीं उच्चारणें ऐकण्यांत ज्याचीं वर्षें गेलीं, त्याच्या कानाला हें साधलें यांत नवल नाहीं.

कावळ्याला बोलावण्याच्या पिपाणीचा मोठा धंदा विसाव्या शतकांत वाढला. इलिनॉय नदीकांठच्या पेकिन गांवीं फिलिप ओल्ट यानें १९०४ सालीं कारखाना काढला. त्याच्या पिपाण्या कठीण रबराच्या असत. त्याच नदीवरील हेन्री गांवीं चार्ल्स पर्ड्यू हा लांकडाचे नकली पक्षी आणि लांकडाच्याच पिपाण्या करी. नळी, आंत एक पातळ जिभली, आणि गालांतून नव्हे तर पोटांतून सोडलेला श्वास, एवढेंच तें यंत्र. परंतु बाजारांतील नेहमींची पिपाणी सामान्य कावळ्याच्या भरदार, लांब ‘काऽ’साठीं जुळविलेली असते. मासळीखाऊ कावळा तसें बोलत नाहीं. आपण नकार देतांना ‘अंहं’ म्हणतों, तशी त्याची आखूड, अनुनासिक दुहेरी हांक असते. म्हणून त्याच्यासाठीं पातळ जिभलीची, थोड्या श्वासांत बोलणारी आणि तोडलेला स्वर न फाटतां देणारी पिपाणी निवडावी लागते. नळीचें तोंड तळहातानें अर्धवट झांकलें कीं नाकांतला सूर अधिक जवळ येतो. येथें एक फसगत होते. सामान्य कावळ्याचीं पिल्लें चारा मागतांना असाच नाकांतला आवाज काढतात. तेव्हां उन्हाळ्यांत एका सुरावर भरंवसा ठेवूं नये, दुहेरी हांक ऐकूं येते कीं नाहीं तें पाहावें.

हा सारा खटाटोप बंदुकीसाठीं होता, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. कावळा हा मक्याचा आणि बदकांच्या अंड्यांचा शत्रु मानला जाई. १९४० सालीं इलिनॉय संस्थानांत रॉकफर्ड येथें कावळ्यांच्या वसतीच्या झाडांवर सुरुंग लावून सुमारें ३,२८,००० पक्षी मारण्यांत आले. १९१८ च्या पक्षिसंरक्षक कायद्यांत कावळ्याला जागा नव्हती. ती १९७२ सालीं मेक्सिकोशीं झालेल्या करारानें मिळाली. त्यानंतर शिकारीस वर्षांतून फार तर १२४ दिवसांची मुभा उरली, आणि घरट्यांच्या ऐन हंगामांत तीहि नाहीं. आज तीच दुहेरी हांक पक्षी मोजणाऱ्यांच्या कामीं येते, कारण दूर उडणारा कावळा कोणत्या यादींत घालावा हें तिच्यावांचून ठरत नाहीं.

पिपाणी कितीहि नेमकी निवडली, तरी ती वारंवार वाजवून चालत नाहीं. फसलेला कावळा फसविणाऱ्यास ओळखतो. पश्चिम किनाऱ्यावरील सिॲटल येथें २००६ सालीं जॉन मार्झलफ व त्याच्या सहकाऱ्यांनीं मुखवटे घालून सात सामान्य कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढें कित्येक वर्षें तो मुखवटा दिसतांच कावळे त्याच्यावर कलकलाट करीत येत, आणि ज्यांना कधीं कोणी पकडलेंच नव्हतें तेहि त्यांत सामील होत.