एका ठिपक्याचा शोध

१/८
७ सप्टेंबर २०१९. पहाट व्हायला अवकाश होता, तरी सारा देश जागा होता. चांद्रयान-२चा लँडर 'विक्रम' चंद्राच्या दक्षिण ध्रुवापासून सुमारे ६०० किमी दूरच्या एका सपाट पठाराकडे उतरत होता. २.१ किमी उंचीपर्यंत अवतरण ठरल्याप्रमाणे झाल्याचे इस्रोने जाहीर केले. त्यानंतर संपर्क तुटला, तो कायमचा.

२/८
१० सप्टेंबरला इस्रोने सांगितले, की चांद्रयान-२च्या ऑर्बिटरने विक्रमचे स्थान शोधले आहे, मात्र संपर्क झालेला नाही. लँडर आदळून फुटला, की अखंड उरला? लोकांच्या मनातील हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

३/८
नासाचे 'लुनार रिकॉनिसन्स ऑर्बिटर' हे यान २००९पासून चंद्राभोवती फिरते आहे. १७ सप्टेंबरला ते त्या पठारावरून गेले. तेव्हा टिपलेल्या छायाचित्रांचे जोडचित्र नासाने २६ सप्टेंबरला सर्वांसाठी खुले केले. नासाच्या चमूला त्यात विक्रम सापडला नव्हता.

४/८
कारण सूर्य होता. त्या वेळी तो तेथील क्षितिजापासून जेमतेम ६ अंश वर होता. अशा तिरप्या उन्हात लहानशा खडकाचीही सावली लांबवर पसरते आणि विवरे काळोखात बुडतात. शिवाय चित्रातील एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे १.३ मीटर. अडीच मीटर लांबीचा लँडर अखंड असता, तरी तो दोन ठिपक्यांएवढाच दिसला असता.

५/८
चेन्नईत षण्मुग सुब्रमणियन नावाचा ३३ वर्षांचा तरुण राहत होता. शिक्षण यांत्रिक अभियांत्रिकीचे, चरितार्थ सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात. कोणत्याही अंतराळ संस्थेशी त्याचा संबंध नव्हता. दिवसाची नोकरी सांभाळून तो ही छायाचित्रे पाहू लागला. पद्धत साधी होती: दोन लॅपटॉप शेजारी-शेजारी, एकावर त्या जागेचे जुने छायाचित्र, दुसऱ्यावर नवे. दोन पोथ्या समोर ठेवून संशोधकाने पाठभेद शोधावा, तसे हे काम. जुन्यात नसलेले नव्यात काय आहे?

६/८
उत्तर मिळाले ते एका पिक्सेलचे. पूर्वी काही नव्हते, तेथे आता एक उजळ ठिपका होता. ऑक्टोबरमध्ये त्याने ही खूण नासाला कळवली. १४ व १५ ऑक्टोबरला आणि पुन्हा ११ नोव्हेंबरला यानाने त्या भागाची नवी छायाचित्रे घेतली. नोव्हेंबरपर्यंत सूर्य १८ अंशांवर आला होता आणि एका पिक्सेलमध्ये ०.७ मीटर जमीन मावत होती. आघाताचे विवर, विखुरलेले तुकडे, उधळलेली माती हे सारे आता ओळखू आले. सर्वांत मोठे तीन तुकडेही प्रत्येकी दोन बाय दोन पिक्सेलचेच होते.

७/८
२ डिसेंबर २०१९ रोजी नासाने निष्कर्ष प्रसिद्ध केला. षण्मुगला दिसलेला ठिपका विक्रमचाच अवशेष होता, मुख्य आघातस्थळाच्या वायव्येस सुमारे ७५० मीटरवर. त्याच्या शोधाचे श्रेय नासाने नावानिशी दिले आणि प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रात तो अवशेष 'एस' या अक्षराने दाखवला. इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष के. सिवन यांनी मात्र आपल्या ऑर्बिटरने विक्रम आधीच शोधला होता, याची आठवण करून दिली.

८/८
ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. स्थान कळणे वेगळे आणि पुरावा चारचौघांसमोर मांडणे वेगळे. इतिहासाचा अभ्यासक हा फरक चांगला ओळखतो: दप्तर बंद असेल, तर त्यातील सत्य दप्तरदारापुरतेच उरते, ते खुले झाले, की कुणी अनोळखी वाचकही त्यातली हरवलेली ओळ शोधून काढतो. विक्रमच्या बाबतीत ती ओळ एका पिक्सेलएवढी होती. छायाचित्र जगापुढे होते. ते चिकाटीने वाचणारा एक नोकरदार तरुण चेन्नईत होता.