शंखातलं विष कुणाचं?

डिबगिंग करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं की प्रोग्राम जिथे कोसळतो तिथेच चूक असते असं नाही. चुकीचा डेटा पाच फंक्शन्स मागून आलेला असतो. या विकांताला वाचता वाचता तशीच एक गोष्ट हाती लागली. फरक इतकाच की हिच्यात माणसं मरतात.

सुरुवात कॅप्टन कुकपासून. सप्टेंबर १७७४, न्यू कॅलेडोनियाचा किनारा. त्याच्या कारकुनानं एक अनोळखी मासा विकत घेतला. रात्री ताटात त्याचं यकृत आणि गाबोळी आली. कुक आणि जहाजावरचे निसर्गअभ्यासक फॉर्स्टर बापलेक, तिघांनी नुसती चव घेतली. पहाटे तीन-चारला जाग आली तर हातापायांतलं त्राण गेलेलं. पाण्यानं भरलेलं भांडं काय आणि पक्ष्याचं पीस काय, हाताला वजन सारखंच! माशाची आतडी खाल्लेलं डुक्कर सकाळी मेलेलं सापडलं.

तो मासा म्हणजे आपल्या कोकणातल्या केंड माशाचा भाऊबंद. जपान्यांचा फुगु. १९०९ मध्ये योशिझुमी ताहारा यांनी त्याच्या विषाला टेट्रोडोटॉक्सिन हे नाव दिलं. साधारण समज असा, की मासा हे विष स्वतःच बनवतो. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूट नावाच्या बेडकाच्या नात्यातल्या प्राण्यात हेच रसायन निघालं. मासा आणि न्यूट, दोघांनी इतका गुंतागुंतीचा रेणू आपापला शोधून काढला? जरा खटकतंच. पण गाडं तसंच पुढे चाललं.

मग डिसेंबर १९७९. जपानच्या शिझुओका प्रांतातलं शिमिझु शहर. तिथे ट्रम्पेट शेल, म्हणजे मोठ्या शंखातली समुद्री गोगलगाय, खाऊन विषबाधा झाली. तपासलं तर पुन्हा टेट्रोडोटॉक्सिन! आणि तेही मुख्यतः पचनग्रंथीत. आता पचनग्रंथी म्हटल्यावर कुणालाही पुढचा प्रश्न सुचेल: हिनं खाल्लं काय होतं? तामाओ नोगुची आणि सहकाऱ्यांनी तोच माग काढला. या गोगलगायी तारामासे खातात. त्यातल्या एका जातीच्या ताऱ्यात विष सापडलं. म्हणजे शंख हा नुसता साठवणारा. पुढे १९८६ च्या सुमारास काही समुद्री जिवाणूंकडे बोट गेलं. विषारी खाद्यापासून दूर ठेवून वाढवलेला फुगु बिनविषारी निघतो, हाही त्याच बाजूचा पुरावा. (प्रयोगशाळेत मात्र हे जिवाणू इतकं किरकोळ विष करतात की वाद पूर्ण मिटलेला नाही.)

असो. मला अस्वस्थ करतो तो चीनचा झजियांग किनारा. तिथे नासारियस जातीच्या इवल्या गोगलगायी लोक कित्येक वर्षं खात आलेत. एकाच किनाऱ्यावरची गोगलगाय कधी निर्धोक, कधी जीवघेणी. बघून, हुंगून, चाखून काही कळत नाही. शिजवून विष जात नाही. म्हणजे आजीच्या पिढीचा सगळा अनुभव इथे कुचकामी! अनेक मृत्यूंनंतर सरकारनं विक्रीवर बंदी घातली, तरी लोक खातातच.

आणि मरण कसलं! आधी ओठ-जीभ बधिर, मग बोटं, मग हातपाय, शेवटी श्वासाचे स्नायू. हे विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं बंद करतं, पण मेंदूत फारसं शिरत नाही. त्यामुळे माणसाला बरेचदा सगळं ऐकू येत असतं, फक्त बोट हलवता येत नाही. उतारा नाही. उपाय एकच: विष शरीरातून निघून जाईपर्यंत, साधारण दिवस-दोन दिवस, यंत्रानं श्वास चालू ठेवायचा. २००७ मध्ये स्पेनच्या मालागा शहरात एका माणसानं बाजारातून आणलेला, पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावरचा ट्रम्पेट शेल खाल्ला. युरोपातली ही अशी पहिली नोंद. त्याला व्हेंटिलेटर वेळेवर मिळाला, आणि तो घरी गेला.