सनद हाती, हुद्दा नाही

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. आपल्या चळवळीत हा उल्लेख इतक्या वेळा होतो की त्यापुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो. त्या मुक्तीसाठी खुद्द काळ्या माणसांनी काय केले? १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले. वर्गात हा आकडा सांगितला की मुले चकित होतात. पदवी घेईपर्यंत मीही तो ऐकला नव्हता.

त्यांतला एक स्टीफन स्वेल्स. हा स्वतः गुलाम नव्हता. १८३२ साली पेनसिल्व्हेनियातील कोलंबिया या गावी जन्मलेला स्वतंत्र माणूस. भरतीच्या नोंदीत त्याचा धंदा नावाडी असा आहे. १८६३ च्या एप्रिलमध्ये तो ५४ व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटमध्ये दाखल झाला आणि सार्जंट झाला. पलटण काळ्यांची, पण अधिकारी गोरे. काळ्याने लढावे, मरावे. हुकूम मात्र गोऱ्याने द्यावा, अशी ती व्यवस्था.

त्यातही पगाराचा भेद होता. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, काळ्याला १० आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापायचे. या पलटणीने पगार घ्यायलाच नकार दिला. मॅसॅच्युसेट्स राज्याने फरक आपल्या तिजोरीतून भरून देऊ केला, तोही त्यांनी नाकारला. घरी बायकामुले उपाशी, आणि हे लोक सव्वा-दीड वर्ष बिनपगारी लढत राहिले! हा हट्ट पैशाचा असता तर राज्याचे पैसे त्यांनी घेतले असते. समान वेतनाचा कायदा झाला तो १८६४ च्या जूनमध्ये.

या काळातच २० फेब्रुवारी १८६४ रोजी फ्लोरिडात ओलस्टीची लढाई झाली. उत्तरेचा पराभव झाला. स्वेल्सच्या डोक्याला गंभीर जखम झाली. त्याचे शौर्य वरिष्ठांनी अहवालात नोंदवले आणि मार्चमध्ये गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी त्याला सेकंड लेफ्टनंटची सनद दिली. केंद्राच्या युद्धखात्याने ती मानली नाही. कारण एकच, हा आफ्रिकी वंशाचा. गव्हर्नर आणि पलटणीचा कर्नल लिहीत राहिले, भांडत राहिले. अखेर १८६५ च्या जानेवारीत त्याची अधिकारी म्हणून नोंद झाली.

हे दहा महिने माझ्या मनातून जात नाहीत. मी प्राध्यापक म्हणून रुजू झालो तेव्हा नेमणुकीचे पत्र खिशात होते, पण राखीव जागेवरच्या त्या नेमणुकीला मान्यता मिळायला दोन वर्षे गेली. शिकवीत होतो, पेपर तपाशीत होतो. हजेरीपटावर नाव मात्र पेन्सिलीने. ही तुलना तोकडी आहे, मला कुणी गोळी घातली नव्हती. पण कागद हाती असून हुद्दा नसणे म्हणजे काय, हे मला त्याच्याइतके नसले तरी थोडे कळते.

आपल्याकडची गोष्ट याहून वेगळी आणि तरी जवळची. महार सैनिक सुभेदारापर्यंत चढला. रामजी सुभेदार त्यांपैकीच. पण सुभेदार कितीही अनुभवी असो, कोवळा इंग्रज लेफ्टनंटही त्याच्या वरचाच. पुढे महारांची भरतीच बंद झाली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांना १८९४ साली त्यासाठी अर्ज करावा लागला. लढण्याचा हक्कसुद्धा अर्ज करून मागायचा!

स्वेल्स युद्धानंतर दक्षिण कॅरोलिनातील किंग्सट्री येथे राहिला, वकील झाला, वृत्तपत्र चालवले. १८६८ पासून तो राज्याच्या सिनेटमध्ये होता. म्हणजे पुण्याहून फुले ती अर्पणपत्रिका लिहीत होते तेव्हा हा माजी सार्जंट कायदे करीत होता. मुक्ती मिळाली म्हणतात ती इथवर. १८७७ मध्ये केंद्राने दक्षिणेतील सैन्याचे संरक्षण काढले, आणि पुढच्याच वर्षी गोऱ्यांच्या धमक्यांमुळे स्वेल्सला किंग्सट्री सोडावे लागले. वॉशिंग्टनमध्ये त्याने सरकारी कचेऱ्यांत नोकरी केली. ज्या सरकारने त्याचा हुद्दा दहा महिने अडवला, त्याच सरकारची.

१९०० साली तो वारला. चार्ल्सटनमध्ये त्याला पुरले. त्याच्या कबरीवर नावाचा दगड बसला तो २००६ साली.